शस्त्र खाली ठेवले ते योग्यच; प्रश्न का खाली ठेवला?

2025 च्या मे महिन्यात उरुग्वेचे माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका निवर्तले. तुपामारो या शहरी गनिमी संघटनेचे ते लढवय्ये होते. दीर्घ तुरुंगवास त्यांनी भोगला, 2005 साली ते शेतकीमंत्री झाले आणि 2010 साली राष्ट्राध्यक्ष. त्यांच्यावर जगभर जे मृत्युलेख लिहिले गेले त्यांतील पुष्कळांचा सूर आपल्या ओळखीचा होता : तरुणपणी माणूस बंदूक घेतो, वय झाले की शहाणा होतो, आणि शहाणपणाचे बक्षीस म्हणून मंत्री होतो. या कथेचा उलटा पाठही आपल्याकडे तितकाच प्रचलित आहे. त्यात तोच माणूस आधी क्रांतिकारक असतो, मग थकतो, मग विकला जातो. पहिला पाठ प्रस्थापितांच्या बैठकीत सांगितला जातो, दुसरा आपल्या. दोन्ही पाठांत एक सोय आहे. त्या माणसाने मंत्री म्हणून नेमके काय केले, कोणाच्या ताटातून काढले आणि कोणाच्या ताटात वाढले, हे तपासण्याचे कष्ट दोन्ही टाळतात.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य अर्थशास्त्र शिकवण्यात गेले, म्हणून हे कष्ट घेण्याची सवय जडली आहे. मुहिका यांची कारकीर्द या दृष्टीने फारशी अवघड नाही. अवघड आणि म्हणूनच बोधप्रद आहे ती व्हेनेझुएलाच्या तेओदोरो पेत्कॉफ यांची. गनिमी लढवय्या, कम्युनिस्ट, कम्युनिस्टांतला बंडखोर, लोकशाही समाजवादी पक्षाचा संस्थापक, राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, नियोजनमंत्री, आणि अखेरीस वृत्तपत्राचा संपादक, इतक्या अवस्थांतून हा माणूस गेला. 31 ऑक्टोबर 2018 रोजी काराकास येथे वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लोकशाही समाजवादाचा रस्ता ज्यांनी जाणीवपूर्वक धरला आहे त्यांनी या कारकिर्दीकडे नीट पाहिले पाहिजे, कारण त्यांची चूक ही आपल्या शत्रूची चूक नव्हे. ती आपल्याच घरातली आहे.

सातव्या मजल्यावरून

पेत्कॉफ यांचा जन्म 1932 चा. वडील बल्गेरियातून आलेले, आई पोलंडमधील ज्यू कुटुंबातली, व्यवसायाने डॉक्टर. काराकासच्या मध्यवर्ती विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि 1949 साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले. पेरेस हिमेनेस याच्या लष्करी हुकूमशाहीविरुद्ध भूमिगत राहून जे लढले त्यांत कम्युनिस्ट आघाडीवर होते. 23 जानेवारी 1958 रोजी हुकूमशहा पळाला. परंतु त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला तीन मोठ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी सत्तेसंबंधी जो करार केला त्यात कम्युनिस्टांना जागा ठेवली नाही. ज्या घरी या करारावर सह्या झाल्या त्याचे नाव ‘पुंतो फिहो’, आणि घरमालकाचे नाव राफाएल काल्देरा. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

लढून मिळवलेल्या लोकशाहीत लढणाऱ्यांनाच दाराबाहेर ठेवले गेले. क्यूबाच्या क्रांतीचे वारे वाहत होतेच. कम्युनिस्ट पक्षाने साठीच्या दशकाच्या आरंभी शस्त्र हाती घेतले. पेत्कॉफ दोनदा कैदेतून निसटले. 1963 साली रक्ताच्या उलटीचे सोंग करून त्यांनी स्वतःला लष्करी इस्पितळात हलवून घेतले आणि सातव्या मजल्यावरून दोराने उतरून ते पसार झाले. 1967 साली सान कार्लोस बराकीच्या तुरुंगातून ते आणि पोम्पेयो मार्केस व गार्सिया पोन्से हे त्यांचे सहकारी भुयारातून बाहेर पडले. ते भुयार बाहेरच्या एका दुकानातून आत खणत आणले होते. अशा कथा लोकांच्या तोंडी राहतात आणि माणसाभोवती एक वलय उभे करतात. ते वलय पुढे कोणाच्या उपयोगी पडले, हाच आपला विषय आहे.

सशस्त्र लढा फसला. शेतकरी उठला नाही, शहरी गरीब निवडणुकीच्या रांगेत उभा राहिला. ज्या देशात लोक मतदान करीत आहेत, भले त्यांचे पर्याय अपुरे असोत, तेथे मूठभरांच्या बंदुकीने लोकांच्या वतीने निर्णय घेण्याचा हक्क कोणाला पोचत नाही. पेत्कॉफ यांनी हे ओळखले आणि शस्त्र खाली ठेवले. यात शरणागती कोठेही नाही. आपल्या पराभवाचे प्रामाणिक वाचन करणारे पुढारी डाव्या चळवळीत थोडे झाले. पेत्कॉफ त्यांपैकी एक होते.

मॉस्कोला नकार

त्यांचे दुसरे मोठे काम तर निःसंशय गौरवाचे आहे. 1968 च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएट रणगाडे प्रागमध्ये शिरले. पुढच्याच वर्षी पेत्कॉफ यांनी चेकोस्लोव्हाकियावर पुस्तक लिहून या आक्रमणाचा निषेध केला आणि समाजवादात लोकशाहीचे स्थान काय, हा मूळ प्रश्न उपस्थित केला. 1971 साली सोव्हिएट पक्षाच्या चोविसाव्या महाअधिवेशनात खुद्द ब्रेझनेव्ह यांनी फ्रान्सच्या गारोदी व ऑस्ट्रियाच्या फिशर यांच्या पंक्तीला बसवून त्यांचे नाव घेतले आणि त्यांना पाखंडी ठरवले. एका लहान देशातील एका फुटीर नेत्याला महासत्तेच्या सर्वोच्च व्यासपीठावरून शिव्या मिळाव्यात, हे त्याच्या विचाराचे मोलच म्हणायचे.

त्याच वर्षी पेत्कॉफ, मार्केस आदींनी ‘समाजवादाकडे चळवळ’ हा नवा पक्ष स्थापन केला. स्पॅनिश आद्याक्षरांवरून तो ‘मास’ या नावाने ओळखला जाई. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी 1972 साली आपल्याला मिळालेल्या रोमुलो गायेगोस पारितोषिकाची रक्कम या पक्षाला दिली, यावरून त्याच्याविषयीच्या अपेक्षांची कल्पना यावी. निवडणुकीत मात्र यश बेताचे होते. पेत्कॉफ 1983 साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा त्यांना चार टक्क्यांच्या आसपास मते पडली, 1988 साली तीन टक्क्यांहूनही कमी. पण 1989 साली राज्यपाल प्रथमच लोकांच्या मतांनी निवडले गेले तेव्हा आराग्वा राज्य मासने जिंकले. अठरा वर्षे बी पेरले होते. अंकुर दिसू लागला होता.

अंकुर दिसू लागण्याचे कारणही स्पष्ट होते. 1988 च्या अखेरीस कार्लोस आंद्रेस पेरेस हे नाणेनिधीवर टीका करीत निवडून आले आणि सत्तेवर येताच नाणेनिधीच्याच अटी त्यांनी देशावर लादल्या. पेट्रोल महागले, बसभाडी कडाडली, आणि 27 फेब्रुवारी 1989 रोजी काराकासचे गरीब रस्त्यावर आले. सैन्याने गोळ्या घातल्या. मृतांचा अधिकृत आकडा पावणेतीनशेच्या आसपास आहे. खरा आकडा त्याहून कितीतरी मोठा, असे मानवी हक्काच्या कार्यकर्त्यांचे सांगणे आहे. मतपेटीत एक सांगायचे आणि तिजोरीत दुसरे करायचे, या व्यवहाराची किंमत व्हेनेझुएलाच्या जनतेने रक्ताने मोजली. 4 फेब्रुवारी 1992 रोजी ह्यूगो चावेझ नावाच्या लेफ्टनंट कर्नलने लष्करी उठाव केला. तो फसला, पण जनतेला त्याच्याविषयी राग आला नाही, यातच सर्व आले.

‘जनतेशी केलेला करारनामा’

आता काल्देरा पुन्हा येतात. 1969 ते 1974 या आपल्या पहिल्या कारकिर्दीत त्यांनी गनिमांना माफी देऊन राजकारणात परत येऊ दिले होते. 1993 साली स्वतःच स्थापन केलेल्या पक्षाशी काडीमोड घेऊन ते पुन्हा उभे राहिले. मास आणि इतर अनेक लहान गट त्यांच्यामागे गेले. विरोधकांनी या आघाडीला ‘झुरळांचा थवा’ म्हणून हिणवले. आघाडीने ते नाव आनंदाने मिरवले. काल्देरांच्या जाहीरनाम्याचे नाव मोठे सूचक होते. कर्ज मागताना सरकार नाणेनिधीला जे ‘इरादापत्र’ लिहून देते, त्याच शब्दावर श्लेष करून त्यांनी आपल्या जाहीरनाम्याला जनतेला दिलेले इरादापत्र म्हटले. अर्थ उघड होता. सही नाणेनिधीच्या कागदावर नव्हे, जनतेच्या कागदावर होईल. तीस टक्के मतांवर ते निवडून आले आणि त्यांतली सुमारे एक-तृतीयांश मते मासच्या चिन्हावर पडलेली होती.

सत्ता हाती आली तीच बँकांच्या दिवाळखोरीसकट. जानेवारी 1994 मध्ये देशातील दुसऱ्या क्रमांकाची बँक, बांको लातिनो, बुडाली आणि तिच्यामागून इतर बुडाल्या. ठेवी वाचवण्यासाठी सरकारने जो पैसा ओतला तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक होता. अनेक बँकमालक देश सोडून पळाले. नोटा वाढल्या, भाव भडकले. 1996 साली भाववाढ शंभर टक्क्यांना पोचली.

अशा वेळी, मार्च 1996 मध्ये, काल्देरांनी पेत्कॉफ यांना नियोजन खात्याचे मंत्री केले. पोम्पेयो मार्केस आधीपासूनच सीमाप्रदेशाचे राज्यमंत्री होते. एका भुयारातून बाहेर पडलेले दोघे त्या घरमालकाच्या मंत्रिमंडळात शेजारी शेजारी बसले. एप्रिलमध्ये ‘आजेंदा व्हेनेझुएला’ जाहीर झाला. पेट्रोलचे भाव कित्येक पटींनी वाढवले, विनिमय-नियंत्रण उठवले, व्याजदर मोकळे सोडले, विक्रीकर साडेबारावरून साडेसोळा टक्क्यांवर नेला, सार्वजनिक उद्योग विकण्याचे ठरवले. जुलैमध्ये नाणेनिधीने सुमारे 140 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. जनतेच्या कागदावरची सही पुसली गेली होती आणि ज्या कागदाची थट्टा केली त्यावर सही झाली होती.

‘पर्याय नव्हता’ म्हणजे काय?

पेत्कॉफ यांची बाजू कमकुवत नव्हती. ती तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. शंभर टक्के भाववाढ हा गरिबांवरचा सर्वांत क्रूर कर आहे, कारण श्रीमंताचा पैसा डॉलरमध्ये असतो आणि गरिबाचा खिशात. पाण्याहून स्वस्त पेट्रोल ही गरिबांची सवलत नसून मोटारमालकांची असते. नियंत्रित विनिमयदराचा लाभ वशिल्याच्या आयातदारांना मिळतो. शिवाय आजेंदाला गरीब कुटुंबांसाठी अनुदानाचे कार्यक्रम जोडलेले होते आणि 1989 सारखा उद्रेक झाला नाही. भाववाढ 1997 साली चाळीस टक्क्यांच्या खाली आली. हे सर्व खरे आहे. पेट्रोलचे भाव वाढवले म्हणून पेत्कॉफ यांना दोष देणारा समाजवादी अर्थशास्त्र वाचलेला नाही, असे मी म्हणेन.

परंतु तूट भरून काढणे आवश्यक होते, एवढ्यावरून ती कोणी भरावी हे ठरत नाही. अंकगणित सांगते की खर्च व उत्पन्न यांचा मेळ बसला पाहिजे. कोणाचा खर्च कापायचा आणि कोणाचे उत्पन्न घ्यायचे, हे राजकारण सांगते. ‘पर्याय नाही’ असे जो म्हणतो तो या दोन गोष्टींची सरमिसळ करतो. 1991 साली आपल्याकडे सोने गहाण पडले आणि नाणेनिधीचे कर्ज आले तेव्हा वर्गातल्या मुलांना मी हाच फरक फळ्यावर समजावत असे. व्हेनेझुएलात तो फळ्यावर मांडायचा तर असा मांडता येईल. ज्या वर्षांत काराकासच्या बसप्रवाशाला वाढीव भाडे द्यायला सांगितले गेले, त्याच वर्षांत ओरिनोको खोऱ्यातील जड तेलाच्या प्रकल्पांत परदेशी कंपन्यांना स्वामित्वशुल्कात सवलत देऊन ते पहिल्या काही वर्षांसाठी पावणेसतरा टक्क्यांच्या आसपासवरून एक टक्क्यावर आणले गेले. राष्ट्राच्या भूगर्भातील संपत्तीवर एक टक्का, आणि कामगाराच्या बायकोने घेतलेल्या साबणाच्या वडीवर साडेसोळा टक्के! हा हिशेब निसर्गाने ठरवलेला नव्हता. माणसांनी ठरवला होता, आणि त्या माणसांत एक अर्थशास्त्रज्ञ असा होता की ज्याला हे इतरांहून चांगले कळत होते.

म्हाताऱ्या कामगाराची पुंजी

सर्वांत मोठी कसोटी आली ती 1997 च्या जूनमध्ये. व्हेनेझुएलाच्या कामगार कायद्यात नोकरी सुटताना मिळणाऱ्या रकमेचे एक महत्त्वाचे तत्त्व होते. जितकी वर्षे नोकरी तितक्या महिन्यांचा पगार, आणि तोही अखेरच्या पगाराच्या दराने. आपल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडील 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानेही अखेरच्या पगारावर, वर्षाला पंधरा दिवस, असाच हिशेब धरला. भाववाढीच्या देशात या तत्त्वाचे मोल फार. पहिल्या वर्षी केलेल्या कामाचा मोबदलाही आजच्या भावाने मिळतो, म्हणजेच रुपया झिजण्याचा धोका मालकाच्या अंगावर राहतो.

सरकार, मालकांची संघटना आणि मोठी कामगार महासंघटना यांची त्रिपक्षीय समिती बसली. तिला पुढे ढकलण्यात पेत्कॉफ यांचा वाटा मोठा होता. ठरले असे : भत्ते पगारात मिळवावेत, दरमहा पाच दिवसांचा पगार कामगाराच्या नावे जमा करावा, आणि अखेरच्या पगाराचे तत्त्व रद्द करावे. वरवर पाहता दिवस दुप्पट झाले, वर्षाला तीसचे साठ. कार्यकर्त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करावा. समजा, एका कामगाराचा महिन्याचा पगार पहिल्या वर्षी 100 आहे आणि भाववाढीबरोबर दरसाल दीडपट होतो. दहाव्या वर्षी तो सुमारे 3,844 होईल. जुन्या पद्धतीने दहा महिन्यांचे मिळून 38,440 हाती येतील. नव्या पद्धतीने प्रत्येक वर्षी त्या त्या वर्षाच्या पगाराचे दोन महिने जमा होत जातील आणि बेरीज 22,666 भरेल. व्याज मिळेल, पण ते भाववाढीला पुरे पडेल याची हमी कोणी देणार नव्हते. नोकरी जितकी जुनी तितका तोटा मोठा. चाळिशी उलटलेल्या, पोलाद कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या माणसाला यापुढच्या वर्षांसाठी हा नवा हिशेब लागू झाला. धोका मालकाच्या शिरावरून उतरला आणि त्याच्या शिरावर आला.

मालकांची तक्रार खोटी नव्हती. जुनी पद्धत वेतनवाढ अडवत होती, कारण प्रत्येक वाढीने मागचे सर्व दायित्व फुगत असे. मालक म्हणूनच पगाराऐवजी भत्ते देत. हा पेच सोडवणे जरूर होते. पण तो सोडवताना भाववाढीशी बांधलेली जमा, किंवा जुन्या कामगारांसाठी जुना नियम, असे मार्ग होते. दोघांच्या भांडणात डाव्या मंत्र्याने कोणाच्या बाजूला खुर्ची ओढावी, एवढाच प्रश्न होता. खुर्ची ओढली गेली ती मालकाकडे.

मग मंत्री म्हणून पेत्कॉफ यांचा उपयोग काय झाला? नाणेनिधीचा कार्यक्रम राबवू शकणारे, परदेशी विद्यापीठांतून शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ काराकासमध्ये कमी नव्हते. पेरेस यांनी 1989 साली तेच वापरले आणि शहर पेटले. काल्देरांना हवा होता तो सातव्या मजल्यावरून उतरलेला माणूस. ज्याने जनतेसाठी तुरुंग भोगला तो सांगतो आहे, म्हणजे खरेच इलाज नसेल, असे गरिबाला वाटावे यासाठी. पेत्कॉफ भ्रष्ट झाले नाहीत. पैशासाठी ते विकले गेले असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. त्यांनी स्वतःला विकले नाही. पण साठीच्या दशकातल्या साथींनी, मेलेल्या आणि जगलेल्या, मिळून जो विश्वास कमावला होता तो त्यांनी एका सरकारला उसना दिला, आणि ते कर्ज बुडाले.

रिकाम्या जागेत कोण आले

याचा राजकीय हिशेब 6 डिसेंबर 1998 रोजी लागला. त्या वर्षी तेलाचे भाव पिंपाला दहा डॉलरच्या आसपास कोसळले आणि आजेंदाचा डोलारा बसला. दोनदा फसवल्या गेलेल्या मतदाराने जुन्या पक्षांकडे पाठ फिरवली. डावीकडे पाहावे तर समाजवादी म्हणवणारा पक्ष पाच वर्षे सरकारात बसलेला. उरले कोण? ज्याने कोणत्याच कागदावर सही केली नव्हती असा बराकीतून आलेला माणूस. चावेझ छप्पन्न टक्के मतांनी निवडून आले. मासने, लाज झाकायला म्हणून की काय, ऐनवेळी त्यांनाच पाठिंबा दिला. पेत्कॉफ यांनी त्यास विरोध करून स्वतः जन्माला घातलेला पक्ष सोडला.

येथेही त्यांना न्याय दिला पाहिजे. चावेझ यांच्या व्यक्तिपूजेत आणि लष्करी वळणात पुढचा धोका त्यांना फार लवकर दिसला. 2000 साली त्यांनी ‘तालकुआल’ हे वृत्तपत्र काढले आणि सत्तेविरुद्ध निर्भयपणे लिहिले. एका सत्ताधारी नेत्याने भरलेल्या बदनामीच्या खटल्यामुळे त्यांना देशाबाहेर जाण्याची बंदी झाली; 2015 साली स्पेनचे ओर्तेगा इ गासेत पारितोषिक घ्यायला ते जाऊ शकले नाहीत. ज्याने हुकूमशहाविरुद्ध आयुष्य सुरू केले त्याचे आयुष्य दुसऱ्या एका दडपशाहीच्या छायेत संपले, पुंतो फिहो कराराला बरोबर साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी.

चावेझ यांच्या राजवटीनंतर काय झाले ते जग जाणते. 1999 च्या राज्यघटनेने सेवासमाप्तीच्या रकमेची नवी व्यवस्था वर्षभरात आणण्याचे वचन दिले. ते पाळायला 2012 साल उजाडले. अखेरच्या पगाराचे तत्त्व कायद्यात परत आले, आणि थोड्याच वर्षांत महाभाववाढीने पगार आणि तत्त्व दोन्ही धुऊन नेले. सत्तर लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली. यावरून काही मंडळी म्हणतात की पेत्कॉफच बरोबर होते. हा तर्क उफराटा आहे. घर पुढे जळाले म्हणून आधीच्या भाडेकरूने छपराचे पत्रे काढले ते योग्य ठरत नाही. चावेझ यांची चूक त्यांची. तिचे माप पेत्कॉफ यांच्या पदरात पुण्य म्हणून टाकता येत नाही. किंबहुना पेत्कॉफ यांनी 2005 साली ‘दोन डावे’ या पुस्तकात एक लोकशाहीवादी डावा आणि एक हुकूमशाही वळणाचा डावा असा जो भेद केला, त्यात एक प्रश्न राहूनच गेला : लोकशाहीवादी डाव्याने गरिबाचा विश्वास आधी गमावला नसता, तर दुसऱ्याला जागा मिळाली असती काय?

आपल्यासाठी

आपल्या वाचकांच्या मनात येथवर एक नाव येऊन गेले असेल, म्हणून ते घेतोच. आणीबाणीत भूमिगत राहिलेले, बडोदा डायनामाइट खटल्यात बेड्या पडलेले आणि 1977 साली तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आलेले जॉर्ज फर्नांडिस पुढे 1998 साली वाजपेयी सरकारात संरक्षणमंत्री झाले. ते काही गनीम नव्हते आणि दोन्ही देशांची परिस्थिती निराळी. पण ‘साथी असा कसा बदलला’ या प्रश्नाभोवती आपण वर्षानुवर्षे जी भावनिक चर्चा केली ती पेत्कॉफ यांच्या मित्रांनीही केली असणार. त्या चर्चेने काही हाती लागत नाही. माणूस बदलला का, हे त्याच्या घरच्यांनी ठरवावे. आपण विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत.

ते तीन आहेत. मंत्रिपद स्वीकारताना जो कार्यक्रम राबवायचा तो जनतेपुढे मांडून मते मागितली होती काय? तोट्याचा बोजा वाटताना सर्वांत रुंद खांद्यावर सर्वांत आधी ठेवला काय? आणि हे दोन्ही जमत नाही असे दिसल्यावर त्या साथीने राजीनामा खिशात ठेवला होता काय? पेत्कॉफ या तिन्ही प्रश्नांत नापास होतात. काल्देरांच्या इरादापत्रावर मते मागितली गेली होती, आजेंदावर नव्हे. बोजा ठेवताना तेलकंपनीच्या आधी कामगाराचा खांदा धरला गेला. आणि सरकारची मुदत संपेपर्यंत ते पदावर राहिले.

तिसऱ्या प्रश्नावर मला विशेष जोर द्यावासा वाटतो. सत्तेत जाऊ नये असे माझे मत नाही. कायम बाहेर बसून इतरांचे हिशेब तपासणारा पक्ष हळूहळू हिशेबनीसांचा क्लब होतो. सत्तेत जावे, तडजोडही करावी. पण कोणत्या ओळीपलीकडे जाणार नाही हे शपथ घेण्याआधी कार्यकर्त्यांसमक्ष लिहून ठेवावे. मासच्या कार्यकर्त्यांना हा हक्क कधी मिळाला नाही. पक्षात कुरबुर झाली, मतभेद झाले, पण मंत्री एकीकडे आणि वस्तीत काम करणारा कार्यकर्ता दुसरीकडे अशी फाळणी होऊन गेली. वस्तीतल्या बाईने ‘तुमचा मंत्री असे का करतो?’ म्हणून विचारले तेव्हा त्या कार्यकर्त्यापाशी उत्तर नव्हते. पक्ष तेथे मेला. निवडणुकीत मेला तो केवळ दाखला मिळाला.

शस्त्र खाली ठेवायला धैर्य लागते. पेत्कॉफ यांच्यापाशी ते होते. मॉस्कोला नाही म्हणायला धैर्य लागते; तेही होते. वॉशिंग्टनमधील कचेरीतून आलेल्या कागदाला, ज्याच्या ऋणात आपण आहोत त्या वृद्ध राष्ट्राध्यक्षाला, आणि ‘आता तुम्ही जबाबदार झालात’ म्हणून पाठ थोपटणाऱ्या सभ्य समाजाला नाही म्हणायला तिसऱ्या जातीचे धैर्य लागते. तेथे तुरुंग नाही, रणगाडा नाही, केवळ खुर्ची आहे; म्हणूनच ते सर्वांत कठीण. आपल्यापैकी जे तरुण साथी उद्या नगरपालिकेत, जिल्हा परिषदेत वा मंत्रालयात जातील त्यांनी ही तिसरी परीक्षा कधीतरी येणार हे आज गृहीत धरावे, आणि आपली ओळ आजच, लेखी, आपल्या शाखेच्या हवाली करावी.